चिखलाचं वेळापत्रक

शेतातल्या मातीत जीव किती हे पाहायचं तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: गांडुळं किती? फावड्याने एक चौकोन खणायचा, माती गोणपाटावर पसरायची, ढेकळं फोडत गांडुळं वेचायची आणि आकडा लिहायचा. कोरड्या जमिनीत हा हिशेब बरा जमतो. भाताच्या खाचरात, पाणी उभं असताना तोच लावला तर उत्तर शून्याच्या आसपास येतं. मग ‘भाताची जमीन म्हणजे मेलेला चिखल’ असं म्हणून माणसं हात झटकतात. मला ते कधीच पटलेलं नाही. मोजपट्टी कोरडवाहूची, तिच्यात चिखल मावणार कसा?

चिखल जवळून बघायला फार सामान लागत नाही. लावणी होऊन महिनाभर झालेल्या खाचरातला वरवरचा चिखल हलक्या हाताने उंच काचेच्या बरणीत उतरवायचा, वर चार बोटं त्याच खाचरातलं पाणी राहू द्यायचं आणि बरणी कोणी हलवणार नाही अशा सावलीच्या जागी ठेवून द्यायची. सुरुवातीला नुसता गढूळपणा. गाळ खाली बसला की चिखलाचे दोन रंग वेगळे होतात. वर काही मिलिमीटरचा तांबूस-तपकिरी थर, त्याखाली करडा, काळपट. मग त्या वरच्या थरातून बारीक लाल धागे बाहेर येतात आणि पाण्यात डुलायला लागतात. बरणीला नुसतं बोट लावा, सगळे एका क्षणात गडप. थोडा वेळ थांबलं की आधी एक, मग चार, मग पुन्हा सगळे.

हे ट्युबिफेक्सच्या कुळातले कृमी, गांडुळांचे पाणथळ भाऊबंद. घरी मासे पाळणाऱ्यांना नाव ओळखीचं असेल. यांचं डोकं खाली काळ्या चिखलात असतं आणि शेपूट वर पाण्यात. खाणं खाली, श्वास घेणं वर आणि विष्ठाही वरच. रक्तात हिमोग्लोबिन असल्याने ऑक्सिजन अगदी थोडा असला तरी त्यांचं भागतं. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवरही बऱ्याच शेपट्या दिसू शकतात. चांगल्या खाचरात एका चौरस मीटरला हजारोंनी असतात. दिवसेंदिवस खालचा चिखल खाऊन ते बारीक गोळ्यांच्या रूपाने वर आणून टाकत राहतात, त्यामुळे पृष्ठभागावर मऊ, गिलगिलीत गाळाचा नवा थर साचतो. तणाचं बी या थराखाली गाडलं जातं आणि खोल गेलेलं बारीक बी उगवत नाही. जपानमधल्या संशोधकांनी १९७०च्या दशकातच हे दाखवलं होतं. तिथले रसायनं न वापरणारे भातशेतकरी या थराला ‘तोरोतोरो’ थर म्हणतात आणि तो नीट बसला की खुरपणीचा ताप कमी होतो, असं मानतात. म्हणजे गांडूळ मोजायला गेलेल्या माणसाला जे शून्य दिसलं, तिथे प्रत्यक्षात मशागत चालू होती.

बरणीत आणखीही मंडळी असतात. चिलटांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या गाळाच्या नळ्या करून राहतात. टाचणीच्या टोकाएवढे, दोन शिंपल्यांत मिटलेले ऑस्ट्रॅकॉड सुळकन इकडून तिकडे जातात. सूत्रकृमी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, पण असतात, आणि भरपूर असतात. श्रीलंकेतल्या एका सिंचित भातक्षेत्राची शास्त्रज्ञांनी सविस्तर नोंद केली तेव्हा अपृष्ठवंशी प्राण्यांच्याच ४९४ जाती सापडल्या. त्या सगळ्या मातीत राहणाऱ्या नव्हत्या, पाण्यातल्या आणि भाताच्या पानांवरच्याही त्यात आल्या. तरीही एका पिकाच्या शेतासाठी हा आकडा छोटा नाही. जगात भाताखाली १६ कोटी हेक्टरांहून जास्त जमीन आहे, आणि माणसाने बनवलेल्या पाणथळींमध्ये याहून मोठं प्रकरण शोधून सापडणार नाही.

आता या जिवांना सोसावं काय लागतं ते पाहू. हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पटीने हळू सरकतो. खाचरात पाणी भरलं की मातीतला शिल्लक ऑक्सिजन तिथले जिवाणू एखाद्या दिवसात संपवून टाकतात. वर तो तांबूस थर तेवढा उरतो, कारण तिथे पाण्यातून थोडाफार ऑक्सिजन झिरपतो. खाली तो फक्त भाताच्या मुळांभोवती असतो. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून पानांकडची हवा खाली येते आणि मुळांतून थोडी बाहेर गळते. उपटलेल्या रोपाच्या मुळांवर गंजासारखा तांबडा लेप दिसतो तो त्याचाच पुरावा. कोरड्या जमिनीतल्या बहुतेक गांडुळांना, गोमांना, मातीच्या पोकळ्यांत राहणाऱ्या स्प्रिंगटेल नावाच्या बारीक उड्या मारणाऱ्या जिवांना आणि कोळ्यांच्या भाऊबंद असलेल्या माइटना अशा ठिकाणी थारा नाही. ते बांधावर सरकतात, अंड्यांच्या रूपाने थांबतात किंवा मरतात. पाणी उतरून वाफसा आला, कापणी झाली, की चित्र उलटतं. पाण्यातली मंडळी खोल ओलीत दडतात किंवा टणक अंडी मागे ठेवून संपतात, आणि बांधावरून कोळी, भुंगेरे, स्प्रिंगटेल पुन्हा आत येतात. कारखान्यात पाळ्या बदलतात तशी ही मातीतल्या कामगारांची पाळी बदलते. ट्रायॉप्स नावाचा छोटा, पाठीवर ढाल असलेला कवचधारी प्राणी तर या बदलावरच जगतो. त्याची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. पाणी आलं की फुटतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याला वाढून, अंडी घालून मोकळं व्हावं लागतं. जाता जाता तो चिखल ढवळतो आणि तणाची कोवळी रोपं उपटतो, त्यामुळे लावणीच्या भातात तो मित्र ठरतो.

हे सगळं वाचत आणि बघत गेल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. भातशेतीतली कुठलीही पद्धत मातीतल्या जिवांना चांगली की वाईट हे विचारण्याआधी, ती कोणाच्या आयुष्यातले किती दिवस कापते हे विचारायला हवं. विष, औजार, पाणी, आग या सगळ्यांचा परिणाम शेवटी तारखांवर येऊन ठरतो. पुढे जी उदाहरणं देतोय ती याच नजरेने निवडली आहेत. ती सगळी माझ्या बाजूची आहेत असं मात्र नाही.

चिखलणीचंच घ्या. ती जमिनीतल्या मोठ्या पोकळ्या मोडते, मातीचे कण सुटे करते आणि खाली घट्ट कठीण थर तयार करते. तिचा हेतूच तो. पाणी मुरू नये, रोपं सहज रोवता यावीत, तण दबावं. कोरड्या मोसमात मुंग्यांनी, भुंगेऱ्यांनी, गांडुळांनी जी घरं केली ती एका दिवसात मोडतात. पाण्याच्या पाळीतल्या प्राण्यांसाठी मात्र तो दिवस सुरुवातीचा असतो. धसकटं, पेंढा, तण सगळं गाळात मिसळून खाण्यायोग्य होतं. चिखलणी एकदा झाली आणि मग शेत शांत राहिलं तर ट्युबिफेक्स काही आठवड्यांत संख्या वाढवतात. पण तण काढण्यासाठी पुन्हा पुन्हा यंत्र फिरवलं तर वरचा थर बसायच्या आत मोडतो. म्हणून ‘सेंद्रिय’ एवढा एक शब्द ऐकून मी खूश होत नाही. तणनाशक टाळलं हे चांगलंच, पण त्याच्या जागी काय आलं आणि किती वेळा आलं, तेही कळायला हवं.

कीटकनाशकांची गोष्ट तर पूर्णच तारखांची आहे. १९७०च्या दशकात आशियात नवे, भरघोस उत्पन्न देणारे भात पसरले आणि त्यांच्यामागोमाग भाताचा रस शोषणारे तपकिरी तुडतुडे आले. फवारणी वाढली तसे तुडतुडेही वाढले. शेत जळाल्यासारखं वाळायचं. फवाऱ्याने तुडतुडे मरायचे, पण त्यांना खाणारे कोळी आणि ढेकणाच्या जातीचे शिकारी किडेही मरायचे, आणि तुडतुडे त्यांच्याआधी सावरायचे. १९८६ साली इंडोनेशियाने राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या काही वर्षांत कीटकनाशकांचं अनुदानही काढून घेतलं. उत्पादन कोसळलं नाही.

या गोष्टीचा मातीशी संबंध काय? तो जावा बेटावरच्या अभ्यासातून १९९६ साली नीट समोर आला, आणि मला तो भातशेतीविषयी कळलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो. नव्याने लावलेल्या खाचरात तुडतुडे फारसे नसतात, तरीही शिकारी कोळी आणि पाण्यावरचे ढेकणाच्या जातीचे किडे तिथे भरपूर दिसतात. मग ते खातात काय? कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर आणि पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर वाढलेल्या माश्या आणि इतर बारीक किडे. त्यांच्या अळ्या गाळात आणि पाण्यात वाढतात, हंगामाच्या पहिल्या एक-तृतीयांश काळात त्यांची संख्या शिगेला पोचते आणि मग उतरते. तोवर त्या शिधा पुरवतात, कोळ्यांची फौज उभी राहते, आणि तुडतुडे येतात तेव्हा पहारा आधीच बसलेला असतो. या काळात केलेली फवारणी बहुधा पानावरच्या किडीसाठी असते, पण ती मोडते तो गाळातला शिधा. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात १९९०च्या दशकात पहिल्या ४० दिवसांत फवारू नका, एवढा एकच निरोप घेऊन रेडिओवर नाटुकल्यांसह मोहीम चालली, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी सुरुवातीची फवारणी खरंच सोडली. एवढा साधा निरोप लोकांपर्यंत पोचवायला किती मेहनत पडली असेल! पान कुरतडलेलं डोळ्यांना दिसतं, गाळातली अळी दिसत नाही.

त्याच जावाच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. जिथे मोठ्या पट्ट्यात सगळ्यांनी एकाच वेळी लावणी करायची आणि मध्ये लांबलचक कोरडा काळ ठेवायचा अशी पद्धत होती, तिथे शिकारी प्राणी उशिरा यायचे. एकत्र लावणीमागे उंदीर-किडीची साखळी तोडण्याचा विचार असतो, आणि तो काही खुळा नाही. पण साखळी तोडताना मित्रांचीही तुटते. शेजारी एखादं ओलं खाचर, एखादा वाहता पाट, हिरवा बांध असेल तर निदान परतायला जागा राहते.

जपानमधल्या लाल चतुराचं उदाहरण याहून थेट आहे. हा चतुर शरद ऋतूत, कापणी झालेल्या खाचरातल्या ओल्या चिखलात अंडी घालतो. अंडी हिवाळाभर मातीत राहतात. वसंतात पाणी भरलं की ती फुटतात, अळ्या खाचरात वाढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी भाताच्या काडीवर चढून पंख घेऊन उडतात. म्हणजे वर्षातला बराच काळ हा प्राणी मातीतला आणि चिखलातलाच. १९९०च्या दशकात रोपांच्या पेट्यांमध्येच मुरणारी कीटकनाशकं टाकून मग लावणी करायची पद्धत पसरली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सोयीची होती. फवारणी वाचली, औषध कमी लागलं, हवेत उडालं नाही. पण लावणी आणि अंड्यांतून अळ्या निघणं यांची वेळ नेमकी एकच. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडसारखी रसायनं अळी बाहेर येते त्याच दिवसांत चिखलात उतरली. १९९०च्या अखेरीपासून जपानच्या अनेक भागांत लाल चतुरांची संख्या भयानक घसरली. यांतलं इमिडाक्लोप्रिड ज्या गटातलं, ती निओनिकोटिनॉइड रसायनं ओढ्यानाल्यांनी पुढे जातात. जपानमधल्याच शिंजी सरोवराच्या पाणलोटात त्यांचा वापर १९९३ साली सुरू झाला. नंतर तिथल्या तरंगत्या सूक्ष्म प्राण्यांचं वसंतातलं वजन सरासरी ८३ टक्क्यांनी उतरलं आणि स्मेल्ट माशाची वार्षिक पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. २०१९ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. कमी मात्रेत, अचूक जागी दिलेलं औषध सुरक्षित असतं, ही आपली समजूत त्यांनी चांगलीच हलवली.

बांधाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण खाचराचं मोजमाप करताना बांध बहुतेक वेळा सोडूनच दिला जातो. बांधावर नांगर फिरत नाही, पाणी उभं राहत नाही, तिथे गवत असतं. कोरड्या पाळीतली मंडळी पावसाळा इथेच काढतात. दक्षिण आणि आग्नेय आशियात ग्लिफिड्रिलस नावाची अर्धपाणथळ गांडुळं पाणी आणि जमीन यांच्या सीमेवरच राहतात. त्यांच्या शेपटीकडचा भाग चौकोनी असतो आणि ती तो वर काढून श्वास घेतात. म्हणजे गांडूळ शोधायचंच असेल तर खाचराच्या मध्यात न खणता काठावर खणा! यंत्र फिरायला सोपं जावं म्हणून बांध काढून खाचरं मोठी केली, किंवा बांध सिमेंटचे केले, की हा निवारा जातो. तणनाशकाने बांध पिवळा केला तरी बऱ्याच अंशी तेच.

पण गांडुळांचं कौतुक सगळीकडे होत नाही, तेही सांगितलं पाहिजे. फिलिपीन्समधल्या इफुगावच्या डोंगरावरच्या पायऱ्यांच्या भातशेतीला १९९५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथले शेतकरी मोठ्या गांडुळांना वैतागलेले आहेत, कारण त्यांच्या बिळांतून पाणी गळतं आणि पायऱ्या ढासळतात. शेत कोरडं पडलं की गांडुळं आत शिरतात. पाणी उभं राखलं तर ती लांब राहतात. ‘गांडूळ म्हणजे सुपीक माती’ हे वाक्य डोंगरउतारावरच्या त्या माणसाला ऐकवायची माझी तरी छाती नाही.

गोगलगायींचाही असाच तिढा. दक्षिण अमेरिकेतली सोनेरी ॲपल गोगलगाय १९८०च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून आशियात आणली गेली, सुटली आणि कोवळ्या भातावर तुटून पडली. तिला मारायला टाकलेल्या विषांनी स्थानिक गोगलगायी आणि गाळातले इतर जीवही मारले. एक प्राणी वाढला आणि विविधता कमी झाली, असा हा हिशेब.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, म्हणजे पाणी. सतत पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून तिथे मिथेन हा हवामान तापवणारा वायू तयार होतो. भातशेती हा त्याचा एक मोठा स्रोत आहे. उपाय माहीत आहे: अधूनमधून पाणी काढून चिखलाला हवा लागू द्यायची. भोकं पाडलेली नळी खाचरात रोवतात. आतलं पाणी जमिनीच्या पातळीच्या १५ सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा पाणी द्यायचं. पाण्यात ३० टक्क्यांपर्यंत बचत, मिथेन जवळपास निम्मा आणि उत्पादनाला धक्का नाही. याच्या विरोधात बोलायला मला काही कारण दिसत नाही, आणि तरी बरणीतले ते लाल धागे आठवतात. माती किंचित ओली राहिली तर ट्युबिफेक्स खाली सरकून तग धरतील. भेगा पडेपर्यंत सुकली तर चतुराच्या अळ्यांना, बेडकांच्या पिल्लांना कुठे जायचं? सूत्रकृमींचीही पाळी बदलते. उभ्या पाण्यात मुळांत घुसणारा हिर्शमॅनिएला माजतो. पाणी काढलं की मुळांवर गाठी करणारा मेलॉइडोगायने ग्रॅमिनिकोला डोकं वर काढतो, कारण पाणी उभं असताना त्याच्या पिल्लांना मुळांत शिरता येत नाही. पेरभातात आणि कोरड्या-ओल्या पद्धतीत त्याचा त्रास जास्त होतो तो यामुळेच. कोरडं केलं म्हणजे रोग गेला असं नाही. एका कृमीने जागा सोडली आणि दुसऱ्याने घेतली.

पेंढ्याचंही तसंच. जाळला तर वरच्या थरातलं सगळं होरपळतं आणि पुढच्या हंगामाच्या पाण्यातल्या पाळीचं खाणं धुरात जातं. पाणी भरायच्या तोंडाशी ताजा पेंढा गाडला तर खाणं मिळतं, पण मिथेन भडकतो. तोच पेंढा पाणी यायच्या महिनाभराहून आधी मातीत मिसळला तर कोरड्या पाळीतले किडे आणि बुरशी त्याचा बराचसा भाग फस्त करतात आणि मिथेन कितीतरी कमी होतो. पेंढा तोच, माती तीच, तारीख तेवढी वेगळी.

जपानमध्ये लावणीनंतर साधारण महिन्याभराने खाचर काही दिवस सुकवायची जुनी पद्धत आहे. फुटवे आवरतात, जमीन घट्ट होते, कापणीचं यंत्र रुतत नाही. तोयोओका शहरात २००५ साली करकोचे पुन्हा मोकळ्या आकाशात सोडले. त्यांना खायला मिळावं म्हणून तिथल्या भातशेतीच्या नियमांत, बेडकांच्या पिल्लांना पाय फुटेपर्यंत हे सुकवणं पुढे ढकलायचं, असं ठरलं. सादो बेटावर २००८ साली तोकी (लांब चोचीचे आयबिस) पक्षी सोडले तेव्हा खाचराच्या कडेला चर खणले, म्हणजे पाणी काढलं तरी जीव चरात जाऊन राहतील. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातले प्राणी मोजायचे, हाही त्या योजनेचा भाग आहे. मियागीतल्या काबुकुरी पाणथळीभोवतीच्या खाचरांत हिवाळ्यात पाणी ठेवलं जातं; तिथे हंस येतात आणि ट्युबिफेक्स वाढतात. ही पाणथळ २००५ साली भोवतालच्या भातखाचरांसकट महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. आणि त्याच देशात २०२३ साली मधलं सुकवणं नेहमीपेक्षा किमान ७ दिवस लांबवलं तर कार्बन क्रेडिट (वाचवलेल्या उत्सर्जनाबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) मिळतील, अशी पद्धत मान्य झाली. मिथेन साधारण ३० टक्क्यांनी कमी धरला जातो.

म्हणजे एका योजनेत शेतकरी चिखल ओला ठेवून दिवस थांबतो आणि दुसरीत चिखल सुकवून दिवस वाढवतो. दोन्हींचा हेतू चांगला, आणि दोन्ही एकत्र बसवणं अशक्य नाही: सुकवणं उशिरा सुरू करायचं, कडेला चर ठेवायचा, बांधावर गवत राहू द्यायचं, आणि मग हवे ते ७ दिवस घ्यायचे. पण क्रेडिटच्या अर्जात मोजले जातात ते सुकवण्याचे दिवस. त्या दिवसांत चतुराची अळी काडीवर चढून उडाली होती की अजून चिखलातच होती, हा रकाना कोणीतरी त्या अर्जात घालायला हवा.